पक्कं रबर रसायनांनी मऊ करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या स्कूटरचे बुश, टाइपरायटरचा रूळ, टेपरेकॉर्डरचा पिंच रोलर, शिवणयंत्राच्या बॉबिनची रबरी रिंग. अशा वस्तूंचं रबर दगडासारखं झालं आणि नवा भाग मिळेना, की लोक रसायनांकडे वळतात. मी रबराच्या कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे रबरात इतर रसायनं मिसळून माल बनवण्याच्या कामात आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. इथली उत्तरं नैसर्गिक रबरापुरती आहेत. नायट्राइल, सिलिकॉन, ईपीडीएम या कृत्रिम रबरांचं वागणं वेगळं असतं.

कडक झालेलं रबर रसायनाने पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

नाही. ते फुगतं, काही काळ लवचीक वाटतं किंवा आतून तुटतं. मूळ ताकद, मूळ लवचिकपणा आणि मूळ आयुष्य हे तिन्ही परत देणारं द्रव नाही. बाटलीवर ‘रिजुव्हनेटर’ लिहिलेलं असलं तरी हेच लागू. मऊ झालेला भाग अमुक कामाला पुरेल की नाही, एवढंच आपण ठरवू शकतो. काही कामांना तो पुरतो, हेही खरं.

कच्चं रबर तर सहज मऊ होतं. मग पक्क्या रबराचं काय बिघडतं?

सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत. तिथे चिकातून तयार होणारी शीट म्हणजे कच्चं रबर. त्यात आयसोप्रीनच्या लांबच लांब साखळ्या सुट्या असतात. मिलच्या दोन रुळांमधून ते फिरवलं की साखळ्या तुटून माल मऊ पडतो. मिश्रणात पेप्टायझर नावाची रसायनं घातली तर हे काम आणखी लवकर होतं.

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्कं करण्याची वाट शोधली. त्याचं अमेरिकन पेटंट १८४४ चं आहे, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनेही पेटंट घेतलं. या प्रक्रियेत शेजारच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात आणि सगळा तुकडा एकच जाळं होऊन बसतो. नेहमीच्या मऊ मालात शंभर भाग रबराला साधारण एक ते तीन भाग गंधक असतं. तेच तीस-चाळीस भागांवर नेलं तर एबोनाइट नावाचं टणक रबर होतं, ते थेट करवतीने कापावं लागतं.

हे जाळं कुठल्याही द्रवात विरघळत नाही, द्रव फक्त त्यात शिरतं. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच हे. पेप्टायझर कच्च्या मालासाठी आहे, पक्क्या भागावर ते चोपडून उपयोग नाही.

मुळात रबर कडक का होतं?

कारणं चार, आणि ती एकत्रच काम करतात. हवेतला प्राणवायू साखळ्यांवर हल्ला करतो. वापरलं न गेलेलं गंधक उष्णतेत हळूहळू आणखी पूल बांधत राहतं. कंपाउंडमध्ये घातलेलं तेल आणि मेण बाहेर निघून जातं. आणि ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावर भेगा पाडतो. या भेगा नेहमी ताणाच्या आडव्या दिशेने जातात. बुश किंवा पट्टा वाकवून बघा, लगेच दिसतील.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण नैसर्गिक रबर उष्णतेत आधी मऊ आणि चिकट पडतं, कारण साखळ्या तुटतात. कडक कवच नंतर धरतं. त्यामुळे एकाच भागात वर कवच आणि आत मऊ, जवळजवळ चिकट गाभा सापडतो. अशा भागावर मऊ करणारं रसायन टाकणं म्हणजे आजार एक आणि औषध दुसऱ्याचं. तांबं आणि मँगनीज यांचे अंश रबर फार लवकर नासवतात. पितळी भागाला चिकटून बसलेलं रबर काळपट, चिकट होऊन निघतं ते यामुळेच.

माझा भाग नैसर्गिक रबराचा आहे हे कसं ओळखू?

जाळून बघू नका, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही. कोपऱ्यातून चिमूटभर तुकडा कापा, त्याची जाडी व्हर्नियरने मोजा आणि तो इंजिन ऑइलमध्ये रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी जाडी वाढलेली दिसली, तर तो तेलाला न मानवणाऱ्या जातीचा आहे: नैसर्गिक, एसबीआर (हेही एक कृत्रिम रबर) किंवा ईपीडीएम. नायट्राइल जवळजवळ आहे तसंच राहतं. या तिघांमधला फरक घरी नक्की कळत नाही, पण धोक्याच्या दृष्टीने त्यांना एकाच रांगेत धरायला हरकत नाही.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, ग्लिसरीन, खोबरेल. यातलं काय चालतं?

नैसर्गिक रबर हा हायड्रोकार्बन आहे. म्हणून हायड्रोकार्बन द्रवं त्यात झपाट्याने शिरतात आणि पाण्याशी मैत्री असलेली द्रवं बाहेरच राहतात.

टोल्युइन, झायलीन आणि पेट्रोल वेगाने फुगवतात. टोल्युइनमध्ये पक्क्या रबराचा तुकडा स्वतःच्या आकारमानाच्या दोन-तीन पट, कमी गंधकाचा माल असेल तर त्याहूनही जास्त द्रव पितो. रात्रभर ठेवलेला तुकडा सकाळी हातात घेतला तर तो ओळखू येत नाही. कडा वळलेल्या, वरचं कवच तडकलेलं, आणि नख रुतवलं की कागदासारखा सरळ फाटतो. फुगलेल्या रबरात फाटण्याला विरोध जवळपास उरत नाही. चाचणी करणाऱ्याने हे एकदा स्वतःच्या हाताने बघावंच, म्हणजे ‘मऊ’ आणि ‘चांगलं’ यातला फरक कायमचा लक्षात राहतो.

रॉकेल, डिझेल आणि गंज सोडवायचे स्प्रे हळू, पण तेच करतात. इंजिन ऑइल, व्हॅसलीन आणि खोबरेल आणखी हळू शिरतात आणि आत राहतात. पातळ लॅटेक्सला मात्र हळू म्हणण्याइतकाही वेळ लागत नाही. तेलकट हाताने लॅटेक्सचे मोजे घातले किंवा निरोधासोबत व्हॅसलीन अथवा तेल वापरलं, तर काही मिनिटांत त्याची ताकद घसरते. ही गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी.

ग्लिसरीन आणि सिलिकॉन ऑइल आत जवळजवळ शिरत नाहीत. रबर तुकतुकीत दिसतं, कुरकुर थांबते, कडकपणा तेवढाच राहतो. म्हणूनच हे दोन त्यातल्या त्यात निरुपद्रवी. एरंडेलही नैसर्गिक रबर फारसं फुगवत नाही, त्यामुळे एके काळी ब्रेक फ्लुइड एरंडेलावर बनवत. स्पिरिट आणि अ‍ॅसिटोन फारसं फुगवत नाहीत, पण आतलं तेल आणि वयरोधक, म्हणजे रबर लवकर जुनं होऊ न देणारं रसायन, धुऊन काढतात.

झायलीन आणि गंधपुरा तेलाचं मिश्रण खरंच काम करतं?

थोड्या काळासाठी, हो. जुन्या गाड्यांच्या आणि छापखान्यांच्या दुनियेत हे मिश्रण बरंच फिरतं: एक भाग विंटरग्रीन तेल, म्हणजे आपल्याकडचं गंधपुरा, आणि दोन-तीन भाग झायलीन. बऱ्याच तयार बाटल्यांमध्येही हीच जोडी असते. झायलीन साधारण १४० अंशांना उकळतं, ते आधी रबर उघडतं आणि उडून जातं. गंधपुरा तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट सुमारे २२० अंशांना उकळतं, म्हणून ते मागे राहून वंगणासारखं साखळ्यांमध्ये काम करतं. भागाला दुखण्यावरच्या मलमाचा वास बरेच दिवस येत राहतो. वास कमी होत जातो तसा मऊपणाही कमी होतो.

बाजारातलं गंधपुरा शुद्ध असेलच असं नाही. त्यात दुसरं तेल मिसळलेलं असेल, तर तेही रबरात जाऊन बसतं.

लावल्यावर मऊ झालं, पण काही आठवड्यांनी आधीपेक्षा कडक झालं. असं का?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. द्रव आत जाताना एकटं जातं, पण बाहेर येताना एकटं येत नाही. कारखान्यात रबरात घातलेलं प्रक्रिया तेल, मेण, वयरोधक, ओझोनरोधक ही सगळी न बांधलेली रसायनं द्रवात विरघळतात आणि त्याच्यासोबत निघून जातात. वाटीत उरलेलं द्रव पिवळट-तपकिरी होतं, तो हाच साठा. द्रव उडून गेलं की जाळं पुन्हा आकसतं आणि आता त्यात ना तेल उरतं ना संरक्षण. त्यानंतरचा ऑक्सिडेशनचा वेग आधीपेक्षा जास्त असतो.

हे तपासायला साधा तराजू पुरतो. भिजवण्याआधी वजन घ्या. मग भाग बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण सुकवा आणि पुन्हा वजन करा. वजन आधीपेक्षा कमी भरलं, तर जेवढा फरक तेवढा माल तुम्ही रबरातून उपसून काढला आहे.

कुठे अजिबात वापरायचं नाही?

ब्रेकच्या कोणत्याही रबरावर नाही. हायड्रॉलिक ब्रेकचे कप ग्लायकॉलवर आधारलेल्या फ्लुइडसाठी केलेले असतात. ते पेट्रोल-डिझेलने धुतले किंवा मऊ करायला भिजवले, तर फुगतात. मास्टर सिलिंडरमधला कप फुगून फ्लुइड परत जाण्याचं बारीक छिद्र झाकतो, ब्रेक सुटत नाहीत, ड्रम तापतात. पुढे कपाची कड फाटली की पाय थेट तळाला जातो. किट बदला. मिळत नसेल तर गाडी उभी ठेवा.

गॅसची नळी मऊ करायची नसते. ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षांनी बदलायची असते, छापलेली तारीख बघा. कुकरची रिंग, बाटलीची निपल, फिल्टरचे वॉशर आणि तोंडाशी किंवा अन्नाशी येणारी प्रत्येक वस्तू यातून बाद. रबरात शिरलेलं झायलीन धुऊन निघत नाही, ते गरम वाफेबरोबर भाजीत येतं. रुग्णालयातल्या नळ्या, डायव्हिंगची उपकरणं, चढाईची साधनं, विजेच्या कामाचे मोजे हेही नाही. विजेच्या मोज्यांना तेलाचा नुसता हातसुद्धा लावू नये.

जुना टायर मऊ करून आणखी एक पावसाळा काढता येईल का?

नाही, आणि हे विचारणाऱ्यांना मी दर वेळी तितक्याच कळकळीने थांबवतो. टायरमध्ये रबराचे बरेच थर, दोर आणि तारा एकमेकांना चिकटवलेल्या असतात. वरून लावलेलं द्रव त्या जोडांपर्यंत पोचतं. ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा थर, मऊ लागतो, भेगा फुगून मिटल्यासारख्या दिसतात, आणि भेगा न दिसणं हाच मोठा धोका, कारण पुढच्या वेळी तपासणारा माणूस फसतो. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. निर्णय त्यावरून आणि भेगांवरून घ्या, बोटाने दाबून नको.

अमेरिकेतल्या डर्ट ट्रॅक आणि कार्टिंग शर्यतींमध्ये टायर रसायनात भिजवायची जुनी रीत आहे. पकड काही फेऱ्यांपुरती वाढते. बऱ्याच स्पर्धांनी त्यावर बंदी घातली आहे. तिथे वाफ हुंगणाऱ्या यंत्राने टायर तपासतात आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. एका शर्यतीत टायर फेकून देणाऱ्यांची ती गोष्ट आहे, तिचा रोजच्या रस्त्याशी संबंध नाही.

टेबल टेनिसच्या रबरला बूस्टर लावला तर?

बॅटवरचं रबर बहुतेक वेळा नैसर्गिक रबराचंच असतं. पूर्वी खेळाडू द्रावकयुक्त स्पीड ग्लू लावत. स्पंज फुगून ताणला जाई आणि चेंडू वेगाने सुटे. आंतरराष्ट्रीय महासंघाने १ सप्टेंबर २००८ पासून अशा वाफाळणाऱ्या द्रावकांचे गोंद बंद केले. आता रबरवर नंतर केलेली कुठलीच भौतिक वा रासायनिक प्रक्रिया नियमात बसत नाही, त्यामुळे रबर फुगवणारा तेलकट बूस्टरही त्यात आला. शाळकरी मुलांना बंद खोलीत हे लावताना पाहिलं की वाईट वाटतं. पालकांनी आणि प्रशिक्षकांनी याकडे लक्ष द्यावं.

शरीराला नेमका धोका काय?

रबराच्या धंद्याला हा धडा फार जुना आहे. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्सने थंड क्युरिंगची, म्हणजे उष्णतेशिवाय रबर पक्कं करण्याची पद्धत आणली. तिच्यात कार्बन डायसल्फाइड हे द्रावक लागे. पॅरिसचे डॉक्टर ऑग्युस्त देल्पेश यांनी १८५६ मध्ये रबराच्या कारखान्यांतले कामगार त्या वाफेने कसे बाधित होतात ते लिहिलं: डोकेदुखी, हातापायांची शक्ती जाणं, स्मृती आणि मनावर परिणाम.

आजची द्रवं वेगळी, पण वाफ मेंदू आणि नसांनाच गाठते. टोल्युइन आणि झायलीनने आधी डोकं हलकं होतं, मग दुखतं, मळमळतं. दीर्घकाळ संपर्कात राहिलं तर स्मरणशक्तीवर परिणाम होतो, आणि टोल्युइनने ऐकण्यावरही. एन-हेक्झेन हाता-पायांच्या नसा निकामी करतं. चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, भारतात त्याची मर्यादा एक टक्का आहे, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. म्हणून पेट्रोलने हात धुणं बंद करा. बाजारातल्या थिनरच्या डब्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोन, कधी मिथेनॉलही असतं. मिथिलीन क्लोराइड असलेलं पेंट रिमूव्हर याहून वाईट: शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. गरोदर बाईने या कामाच्या आसपासही थांबू नये.

गंधपुरा ‘आयुर्वेदिक’ म्हणून निर्धास्त राहू नका. एक चमचा, म्हणजे ५ मिली शुद्ध तेलात ३२५ मिलीग्रॅमच्या वीसपेक्षा जास्त अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. लहान मुलाचा जीव जायला एवढं पुरतं. ते कातडीतूनही शोषलं जातं. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी या मिश्रणाला हात लावू नये.

मास्क आणि मोजे घातले तर भागतं का?

कापडी मास्क आणि एन-९५ धूळ अडवतात, वाफ नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो आणि कार्ट्रिज वेळच्या वेळी बदलावं लागतं. पातळ निळ्या नायट्राइल मोज्यांतून टोल्युइन-झायलीन काही मिनिटांत आरपार जातं. हात ओला वाटत नाही, म्हणून कळत नाही. लॅटेक्सचे मोजे तर स्वतःच नैसर्गिक रबर. चिमटा वापरा, हात द्रवात घालू नका, मोजा शिंतोड्यापुरता धरा आणि ओला झाला की लगेच टाका.

घरात केलं तर आग लागू शकते का?

लागू शकते. पेट्रोलची वाफ कुठल्याही हवामानात पेटते, टोल्युइन सुमारे ४ अंशांना पेटण्याजोगी वाफ देतं, झायलीन २५ ते ३० च्या आसपास, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात सहज. या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या जमिनीलगत पसरतात आणि शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत, देवघरातल्या समईपर्यंत, फ्रिजच्या ठिणगीपर्यंत पोचतात. द्रव तापवायचं तर नावही काढू नका. मऊ करायला ‘थोडं कोमट करून घ्या’ असा सल्ला फिरतो, तो जीवघेणा आहे.

तरीही एखाद्या बिनधोक भागावर करायचं असेल, तर कसं?

बिनधोक म्हणजे तुटला तर फक्त वस्तू बंद पडेल असा भाग: टाइपरायटरचा रूळ, प्रदर्शनात ठेवलेल्या यंत्राचा रबरी बूट (भागावर चढवलेलं आवरण), खेळण्याचं चाक.

आधी रसायनाशिवाय प्रयत्न करा. रूळ कडक होतो तो बहुतेक वेळा वरच्या पातळ कवचात. रूळ फिरवत बारीक पॉलिश पेपरने हे कवच हलकेच काढलं की खालचं ताजं, काळंभोर रबर उघडं पडतं आणि कागद पकडायला लागतं. मी स्वतः कोणत्याही द्रवाआधी हेच सुचवतो. यात रबरातून काहीही निघून जात नाही.

ते पुरलं नाही, तर उघड्या अंगणात किंवा गच्चीवर, काचेच्या झाकणबंद बरणीत, आधी कापलेल्या छोट्या तुकड्यावर करून बघा. दर अर्ध्या तासाने काढून जाडी मोजा. जाडी किंचित वाढली की थांबा. ‘रात्रभर ठेवा’ हा सल्ला बहुतेक भाग मारतो. मग सावलीत, हवेत कित्येक दिवस सुकू द्या. ओल्या, फुगलेल्या अवस्थेत ताण देऊन बसवू नका, नेमका तेव्हाच तो फाटतो. शोअर ए ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजायचं उपकरण) मिळाला तर सुकल्यावर आणि पुन्हा महिन्याने आकडा घ्या.

मग कारखाने जुन्या टायरचं रबर पुन्हा कसं वापरतात?

तिथे जाळं मुद्दाम तोडतात. १८९९ मध्ये आर्थर मार्क्सने अल्कलीची पद्धत आणली: रबराचा चुरा, कॉस्टिक सोडा आणि बंद भांड्यात साधारण १८० ते २०० अंशांची वाफ. आज डायअरिल डायसल्फाइडसारखी जाळं तोडणारी रसायनं (रिक्लेमिंग एजंट) वापरतात. अडचण ही, की गंधक-गंधक बंध आणि कार्बन-कार्बन बंध यांच्या ताकदीत फरक आहे, पण तो हवा तेवढा मोठा नाही. पूल तोडताना साखळ्याही तुटतात. म्हणून रिक्लेम, म्हणजे असं परत मिळवलेलं रबर, ताज्या रबरापेक्षा कमजोर असतं आणि ते नव्या मालात मिसळून वापरतात. ही रसायनं दुर्गंधी आणि विषारी वाफा सोडतात. ती घरात किंवा गॅरेजमध्ये आणायची नाहीत.

माझ्या कॅमेऱ्याची पकड चिकट झाली आहे. हेच लावू?

नको. तो बहुधा पॉलियुरेथेनचा मऊ लेप असतो, रबर नव्हे. हवेतल्या ओलाव्याने तो सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. चिकट झालेलं खरं नैसर्गिक रबर मात्र कशानेच सावरत नाही.

उरलेलं द्रव कुठे टाकायचं? कोणी प्यायलं तर?

मोरीत किंवा गटारात ओतू नका, तिथे वाफ साठून स्फोट होतो. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून रंगकाम करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपच्या धोकादायक कचऱ्याबरोबर द्या. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका.

कोणी प्यायलं तर उलटी करवू नका. द्रव फुप्फुसात गेलं तर नुकसान वाढतं. वाफेने चक्कर आली असेल तर माणसाला मोकळ्या हवेत न्या. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा डबा बरोबर घेऊन रुग्णालयात जा. गंधपुरा असेल तर मूल हसत-खेळत दिसत असलं तरी वाट बघू नका, परिणाम काही तास उशिरा दिसतात.